चार जणांचा डोम तंबू आणि दोन वर्षांचं मूल: पेंचच्या शेजारी हिवाळाभर वापरल्यानंतर

पाच ते आठ हजारांच्या टप्प्यात मिळणारा साधा डोम तंबू. फायबरग्लासच्या दोन काठ्या, आत जाळीची खोली, वरून वेगळं पावसाचं कव्हर आणि खोलीला शिवलेला तळ. तळाचं माप २४० × २१० सेंटीमीटर, मधली उंची १३०, वजन साडेचार किलोच्या आसपास. ऑक्टोबर ते मार्च या काळात पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्राकडच्या बाजूला, सिल्लारीच्या परिसरातल्या कुंपणबंद आवारांत तो वापरला. आत दोन मोठी माणसं आणि दोन वर्षांचं मूल. नागपुराहून हे अंतर साधारण सत्तर किलोमीटर, म्हणजे मूल गाडीत कंटाळायच्या आत पोचता येतं.

दुकानात तंबू घेताना सगळे पाण्याचा आकडा, म्हणजे कापड पाण्याचा किती दाब झेलतं ते, विचारतात: २००० मिलिमीटर की ३०००. हिवाळ्यात विदर्भात तंबू लावणाऱ्याला तो आकडा फारसा उपयोगी नाही. मूल सोबत असेल तर सगळा भरवसा असतो चेनवर. चेन नीट बंद होते का, कुठे बंद होते आणि अंधारात किती चटकन उघडते, यावर या तंबूचं खरं मोल ठरलं.

आधी जागेचं. गाभा क्षेत्रात तंबू लावता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. पण बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या, गावात ओळखीने एखाद्या शेतात किंवा तलावाकाठी जागा मिळाली, तरी लहान मुलाला घेऊन तिथे राहू नये. या पट्ट्यात वाघ, बिबट आणि अस्वल तिन्ही आहेत, आणि जाळीचा तंबू त्यांच्यासाठी अडसर नाही. वनविभागाचं किंवा खासगी, पण कुंपण असलेलंच आवार घ्या. फोनवर एवढं विचारून घ्या: कुंपण जाळीचं आहे की नुसत्या काटेरी तारेचं, रात्री चौकीदार जागा असतो का, तंबूपासून संडास किती पावलांवर आहे, आणि आवारात कुत्री आहेत का. कुत्री असली की अनेकांना धीर येतो, पण कुत्रं हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य. उष्टं खाऊन आवारात पडून राहणारी कुत्री त्याला तिथवर आणतात. अंधार पडल्यावर मूल तंबूच्या बाहेर एकटं नको, दोन पावलांवरसुद्धा नको. रात्रीच्या लघवीसाठी प्लास्टिकचं पॉट कव्हरखालच्या ओसरीत ठेवा आणि आधी टॉर्च मारून पाहा.

आवारातही कोपरा निवडावा लागतो. ऑक्टोबरात गवत गुडघाभर असतं आणि त्यात चिगर, म्हणजे स्क्रब टायफस पसरवणाऱ्या माइटच्या अळ्या, असू शकतात. नागपूर भागात २०१८च्या पावसाळ्यात या तापाची मोठी साथ आली होती. त्यामुळे कापलेल्या गवतावर किंवा उघड्या मुरमावरच तंबू लावा आणि मुलाला गवतात लोळू देऊ नका. परतल्यावर दोन आठवड्यांत ताप आला तर अंगभर, विशेषतः काख, जांघ आणि कानामागे, काळी खपली धरलेली जखम शोधा आणि डॉक्टरांना जंगलाजवळ मुक्काम झाल्याचं आपणहून सांगा. मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली किंवा जवळपास तंबू नको. फुलं पहाटे गळतात आणि अस्वल ती खायला येतं. मार्चमध्ये सागाचीही पानं झडलेली असतात. सकाळी दहानंतर सावली उरत नाही आणि तंबू आतून भट्टीसारखा तापतो. दुपारची झोप त्यात होत नाही, खोली किंवा पडवी लागतेच. या कारणासाठी मूल असताना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरावा.

लावायला एका माणसाला वीस मिनिटं, दोघांना बारा. खराट्याने जागा झाडून खडे वेचा. खाली ताडपत्री अंथरा, पण तिच्या कडा तंबूच्या तळाच्या चारही बाजूंनी पाच सेंटीमीटर आत दुमडा. ताडपत्री बाहेर राहिली की कव्हरवरून ओघळलेलं दंव तिच्यावर साचतं आणि तळाखाली जातं. तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या काळ्या मातीत ठीक चालतात, मुरमात मात्र दुसऱ्या ठोक्याला वाकतात. लोखंडाच्या दुकानातून सहा-सात इंची जाड खिळे आणि एक छोटा हातोडा घ्या. खिळा तंबूपासून उलट बाजूला तिरका ठोका आणि डोकं जमिनीशी बसवा, कारण वर राहिलेलं डोकं मुलाच्या पायात जातं. कव्हरच्या ताणाच्या दोऱ्या ही मूल असताना सगळ्यात त्रासाची गोष्ट. वारा नसेल तर दाराकडच्या दोन दोऱ्या बांधूच नका. बाकीच्यांना गुडघ्याच्या उंचीवर पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा.

आता चेन. दार इंग्रजी डीच्या आकाराचं आणि त्याला दोन रनर. बहुतेक लोक दोन्ही रनर खाली तळाशी आणून सोडतात, कारण बसल्याबसल्या हात तिथेच पोचतो. तिथे, दोन रनर जिथे भेटतात, करंगळी जाईल एवढी फट राहते. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसांच्या अंथरुणात शिरते. तिच्यासाठी ती फट पुरेशी आहे. म्हणून दोन्ही रनर दाराच्या वरच्या टोकाला आणून भिडवा. याचा दुसरा फायदा म्हणजे दोन वर्षांच्या मुलाचा हात तिथवर सहसा पोचत नाही. पोचत असेल तर दोन्ही रनरच्या नाड्या एका साध्या क्लिपमध्ये अडकवा. कुलूप किंवा गाठ अजिबात नको. रात्री उलटी झाली, धूर आला, तर अंधारात दोन सेकंदांत दार उघडता आलं पाहिजे.

दिवसा तंबू रिकामा असतानाही चेन बंदच हवी. साप, विंचू दुपारी सावलीला आत येतात आणि रात्री अंथरुणात सापडतात. बूट-चपला ओसरीत न ठेवता पिशवीत घालून आत घ्या आणि सकाळी झटकूनच घाला. मण्यारीचा दंश बऱ्याचदा दुखत नाही, खूणही दिसत नाही, आणि मुलाला सांगता येत नाही. पहाटे मूल पोट दुखतंय म्हणून रडत असेल, पापण्या जड होऊन मिटत असतील, गिळायला त्रास होत असेल, तर दंश शोधत बसू नका. १०८ला फोन करा किंवा थेट गाडी काढा. देवलापारला ग्रामीण रुग्णालय आहे, रामटेकला उपजिल्हा रुग्णालय. रस्ता आणि रात्रीचा वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा. वन्यप्राण्याबद्दल मदत लागली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक.

चेन बिघडते ती धुळीने. मुरमाचा बारीक कण दातांत बसतो, रनर त्यावरून ओढला की त्याचा जबडा थोडा थोडा फाकतो, आणि तीन-चार महिन्यांत चेन लागल्यासारखी दिसते पण मागून उघडत जाते. या तंबूत ते फेब्रुवारीत सुरू झालं, तेही डाव्या खालच्या वळणावर, जिथे मूल पाय देऊन आत-बाहेर करतं. उपाय असा: रनर एका टोकाला न्या आणि पकडीने त्याच्या दोन्ही कडा आळीपाळीने, अगदी हलक्या दाबाने आवळा. एकदम दाबलं तर रनर तुटतो. त्यानंतरही सुटत असेल तर रनरच्या पाठीवरचा आकडा, बहुधा ५ किंवा ८, पाहून बॅग दुरुस्त करणाऱ्याकडून तो बदलून घ्या. रोज सकाळी जुन्या टूथब्रशने कोरडे दात झाडले आणि आठवड्याला मेणबत्ती एकदा फिरवली की चेनचं आयुष्य दुपटीने वाढतं. तेल लावू नका, धूळ त्याला चिकटून बसते.

दुसरी तक्रार ओलीची. डिसेंबर-जानेवारीत इथे रात्री पारा आठ-दहा अंशांवर येतो आणि दुपारी सत्तावीस-अठ्ठावीसवर जातो. तिघांच्या श्वासातली वाफ थंड कव्हरवर आतून जमते आणि पहाटे थेंब पडू लागतात. लोकांना वाटतं तंबू गळतोय. थंडीच्या भीतीने वरचे झरोके बंद केले की हे दुप्पट होतं. झरोके उघडे ठेवा, कव्हर आणि जमीन यांच्यात चार बोटं फट राहू द्या आणि कव्हर इतकं ताणा की आतल्या जाळीला कुठेच टेकणार नाही. ओले कपडे, टॉवेल आत वाळत घालू नका. मुलाची जागा भिंतीकडे नको. झोपेत त्याचे पाय जाळीला लागतात, जाळी कव्हरला, आणि मोजे भिजतात.

गारवा मुख्यतः खालून येतो. फुगवायच्या गादीत हवा असते आणि ती जमिनीइतकीच थंड होते. शिवाय सव्वा वर्षाच्या आतल्या मुलाला तिच्यावर झोपवणं धोक्याचं आहे, तोंड खोलगट भागात दबतं. दहा मिलिमीटरची बंद पेशींची फोम मॅट, तिच्यावर सतरंजी, मग गोधडी, असं अंथरूण हिवाळाभर पुरलं. मुलाच्या जागी गोधडीखाली ड्राय शीट. कोडी जोडून होणाऱ्या रंगीत फोमच्या फरश्या टाळा, त्यांचे तुकडे मुलं चावून तोंडात घालतात. झोपताना दिवसाचे सगळे सुती कपडे बदला. घामाने किंचित दमट झालेलं बनियनसुद्धा पहाटे अंग गार पाडतं. आत एक कोरडा पातळ थर, वर लोकरीचा स्वेटर, पायात मोजे, डोक्याला कानटोपी, आणि पांघरूण छातीपर्यंतच. "चार जणांचा" हे लेबल माणशी साठ सेंटीमीटर धरून लावलेलं असतं. दोन मोठ्यांच्या मॅट, मधे मुलाला सत्तर सेंटीमीटर आणि कडेला सामानाची पिशवी ठेवली की २४० सेंटीमीटर संपतात. चौथा माणूस यात मावत नाही.

डासांसाठी तंबूत कॉइल, धूप, शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली लावू नका, दार उघडं ठेवूनही नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि कापड पेटायला सेकंद लागतात. कापराच्या वड्या उशाशी ठेवायची पद्धत लहान मुलाजवळ बंदच करा. एखादी वडी तोंडात गेली तरी झटके येऊ शकतात. संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि उघड्या भागावर मलम लावा. हातांना मात्र नाही, कारण ते तोंडात जातात. लिंबू-निलगिरीचं तेल असलेलं मलम तीन वर्षांखालच्या मुलांना लावत नाहीत. डबी वाचून घ्या.

उजेडाबद्दल इथे वेगळं भान लागतं. पेंचच्या महाराष्ट्राकडच्या भागाला जानेवारी २०२४मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा, म्हणून मान्यता मिळाली आणि आसपासच्या गावांतले दिवे जमिनीकडे वळवले आहेत. पांढरा झगझगीत कंदील टांगून आवार उजळू नका. लाल प्रकाशाचा हेडलॅम्प पुरतो. त्याने मुलाची झोप मोडत नाही आणि किडेही कमी येतात. मोकळ्या रात्री मूल वर बघत पाठीवर पडून राहतं, त्यासाठी झोपेची वेळ अर्धा तास पुढे ढकलायला हरकत नाही.

स्वयंपाक तंबूपासून निदान तीन मीटरवर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. लाकडं पेटवू नका. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७नुसार गुन्हा आहे आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून वणव्याचा हंगाम सुरू होतो. छोटी गॅस शेगडी, मऊ वरण-भात, नाचणीचं सत्त्व, उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. खाऊची एकही पुडी तंबूत नको, बिस्किटाचा चुराही मुंग्या आणतो आणि माकडं जाळी फाडतात. सगळं गाडीच्या डिकीत. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात टाकली की प्रमाण चुकतं आणि लहान मुलाला त्याचा अपाय होतो.

काठ्यांचं सांगायला हवं. फायबरग्लासच्या काठीला जोडाशी उभी चीर जाते आणि तिचे काचेसारखे तंतू हाताला टोचतात. मुलाला ते दिसत नाहीत, काठी हातात घेऊन ते ओढतं. जोडणीच्या टोकांना सुरुवातीलाच इन्सुलेशन टेपचे तीन वेढे द्या आणि तंबू आवरताना काठी मधल्या जोडापासून दुमडा, एका टोकापासून नाही, म्हणजे आतलं इलॅस्टिक सारखं ताणलं जातं. सुटा तुकडा आणि नऊ सेंटीमीटरची दुरुस्तीची नळी सोबत ठेवा. नळी चिरलेल्या जागेवर सरकवून दोन्ही कडा टेपने बंद केल्या की मुक्काम निभतो.

परतल्यावर तंबू त्याच दिवशी उघडा, गच्चीवर सावलीत पूर्ण वाळवा. दमट गुंडाळलेल्या कव्हरचा आतला लेप काही महिन्यांत चिकट होतो, त्याला आंबट वास येतो आणि मग तो पापुद्र्यांनी सुटतो. लघवीचा डाग साध्या साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, डिटर्जंट आणि वॉशिंग मशीन दोन्ही वर्ज्य. उन्हाळ्यात माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, तिथल्या उष्णतेने शिवणीवरची टेप सुटते. कपाटाच्या तळाशी, त्याच्या मूळच्या घट्ट पिशवीऐवजी जुन्या उशीच्या अभ्र्यात, सैल घडी करून ठेवला तर पुढच्या ऑक्टोबरला चेन आणि टेप दोन्ही शाबूत निघतात.