नऊ इंची म्हणून जीपचा ॲक्सल गळ्यात मारला

1,39,900 रुपये गेले. घरी अजून 60,000 च सांगितलेत, तेव्हा ओळखीच्यांनी बोभाटा करू नये.

गाडी कॉन्टेसा. मूळचं 1.8 लिटर इसुझू इंजिन काढून टोयोटाचं 1जेझेड टर्बो बसवलंय, 280 घोडे. मूळचा मागचा ॲक्सल एवढं पेलणार नाही हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी तर कागदावर हिशेब मांडला होता. इंजिनचा टॉर्क साधारण 370 न्यूटन मीटर, पहिला गिअर 3.25, क्राउन-पिनियन 3.9, म्हणजे चाकांकडे जवळपास 4,700. त्यात डिफ लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र जखडणारा) असला आणि एका चाकाची पकड सुटली की सगळा पीळ एकाच शाफ्टवर. शाफ्टची ताकद जाडीच्या घनात वाढते. दहा टक्के जाड घेतला तर तेहतीस टक्के मजबूत. म्हणून शाफ्टच्या टोकाला 28 नको, 31 स्प्लाइन (दाते; जास्त दाते म्हणजे जाड शाफ्ट) असलेलाच फोर्डचा 'नऊ इंची' मागचा ॲक्सल पाहिजे, हे पक्कं होतं. एवढं पाठ असलेला माणूस फसला, हेच जास्त झोंबतंय.

विकणारा स्वतःला मुंबईचा इम्पोर्टर म्हणवत होता. बोलणं इतकं गोड की 'गिअर रेशो काय ठेवू?' हे त्यानंच आधी विचारलं. भाव 1,45,000. टोकन 15,000, माल निघताना 80,000, उरलेले 50,000 माल बघून. पन्नास हजार आपल्या हातात आहेत म्हणजे आपण शहाणे, असं मला वाटत होतं. मग 'कस्टम अडलंय' म्हणून 38,500 गेले. माल मुंबईत पडलाय असं आधीच सांगितलं होतं ना, मग कस्टम कसलं? त्याच वेळी बिल ऑफ एंट्रीचा, म्हणजे आयात मालाच्या कस्टमच्या कागदाचा, नंबर मागायला हवा होता. नाही मागितला. वर ट्रान्सपोर्टचे 6,400 मीच भरले.

पण खरी चूक त्याच्याही आधीची. सुरुवातीचे फोटो कॅटलॉगमधले, चकचकीत. मी म्हटलं, खऱ्या मालाचे पाठवा. रात्री साडेअकराला तीन फोटो आले. तिसऱ्यात हाऊसिंगच्या (ॲक्सलच्या लोखंडी कवचाच्या) मागच्या बाजूला गोल कव्हर आणि भोवती दहा बोल्ट. खालून दुसरा बोल्ट पितळी. अहो, नऊ इंचीला मागून कव्हर नसतंच! त्याची पाठ अखंड, बंद असते; डिफचा सगळा गोळा पुढून निघतो. हे मीच आमच्या पोरांना दहा वेळा सांगितलंय. फोटो मोठा करून बघितला, तो पितळी बोल्टसुद्धा बघितला, आणि मनात म्हटलं, 'असेल एखादं वेगळं मॉडेल.' पुढच्या महिन्यात ड्रॅग रेस होती, गाडी जॅकवर उभी होती, आणि दुसरा गिऱ्हाईक तयार आहे असं तो सांगत होता. तुम्हीही हेच केलं असतं. नसतं केलं, तर तुम्ही माझ्यापेक्षा हुशार, चला.

खोकं उद्यमनगरात मिस्त्रींच्या दारात उघडलं. काळा रंग इतका ताजा की बोटाला लागला. मिस्त्रींनी शाफ्ट ओढून काढला, कापसाच्या वेस्टनं ग्रीस पुसलं, एका दात्यावर खडूची खूण केली आणि नखानं मोजत गेले. एकोणीस. पुन्हा मोजले. एकोणीसच.

"मालक, ह्यो तर जुन्या जीपचा हाय. ह्याच्यावर ऊस ओढलाय कुणीतरी."

पोरं हसली. मीही हसलो, काय करणार.

तोवर विकणाऱ्याचा फोन बंद. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर निघाला कापडाच्या दुकानाचा. दोन मिनिटांचं काम, पैसे जायच्या आधी करायचं. स्प्लाइनचा फोटो नको, व्हिडिओ मागा, एक दाता खुणेनं मोजून दाखवायला लावा. आणि पैसे गेल्याचं कळलं की त्याच तासात 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा. मी लाजेपोटी चार दिवस घालवले.

पाचव्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. अकरापासून चारपर्यंत बाकावर. साहेब म्हणाले, माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी दावा टाका. सायबरवाल्यांकडे पाठवलं, ते म्हणाले, पार्सल ट्रान्सपोर्टनं आलंय, हे ऑनलाइनमध्ये बसत नाही. परत ठाण्यात. आता ड्युटीवर दुसरे साहेब. पहिल्यापासून सगळं सांगितलं, वहीच्या पानावर ॲक्सल काढून दाखवला, 31 आणि 19 मधला फरक समजावला. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "गाडीला इंजिन कुठलं? आरसीवर चढवलंय का?" आता काय बोलणार! मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, हे मलाही ठाऊक आहे. गाडी रस्त्यावर काढत नाही, ट्रेलरवरून नेतो, असं मी सांगत होतो आणि ते माझ्याचकडे आरोपी असल्यागत बघत होते. बँकेत तर एकच पालुपद: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. मग तुमचा तो तक्रारीचा फॉर्म कशाला छापलाय? अर्जाची पोच मात्र मिळाली. वर तोंडी हुकूम, तो माल हलवू नका, मुद्देमाल आहे. मिस्त्री भंगाराच्या भावात घ्यायला तयार होते, तेही राहिलं. दीड महिना त्यांच्या दारात पडलाय आणि जागेवरून ते मलाच बोलतात.

काल तेच तीन फोटो पुन्हा दिसले. नाव नवं, नंबर नवा, भाव 1,60,000. खालून दुसरा बोल्ट बघा, पितळी आहे.