पिल्लांच्या पिसांसाठी जीवनसत्त्व-अमिनो ॲसिडचं टॉनिक: बाटलीत किती, पिसाला लागतं किती

कोंबडीची तीन आठवड्यांची पिल्लं, पाठ उघडी, पंखांची पिसं विस्कटलेली नाहीतर थेट काटकोनात बाहेर आलेली. असं दिसलं की पाण्यात घालायच्या टॉनिकची बाटली आणली जाते. 'पिसांच्या जोमदार वाढीसाठी' असं लिहिलेल्या या बाटल्यांमधला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. त्यामुळे इथे एखाद्या ब्रँडचं नाही, या सगळ्या प्रकाराचंच परीक्षण केलं आहे.

आधी लेबल वाचून हिशेब मांडा. समजा बाटलीत लिटरला 10 ग्रॅम मेथिओनिन (गंधक असलेलं एक अमिनो ॲसिड) आहे आणि मात्रा लिटरभर पाण्याला 1 मिली. आठवड्याचं ब्रॉयलर पिल्लू दिवसाला साधारण 30 ग्रॅम खाद्य खातं आणि 60 मिली पाणी पितं. म्हणजे बाटलीतून त्याला मिळालं 0.6 मिलिग्रॅम मेथिओनिन. त्याची गरज खाद्याच्या 0.5 टक्के, म्हणजे 150 मिलिग्रॅम! पीस जवळजवळ सगळं केराटिन या प्रथिनाचं, आणि केराटिनला गंधक असलेली अमिनो ॲसिड भरपूर लागतात. ती तूट टॉनिक भरून काढू शकत नाही, मात्रा दुप्पट केली तरी नाही. लेबलवरच्या अमिनो ॲसिडच्या लांबलचक यादीला म्हणूनच आम्ही शून्य गुण देतो.

जीवनसत्त्वांचं मात्र उलटं आहे. रिबोफ्लेविनची, म्हणजे बी-2 ची, गरज किलोभर खाद्यामागे 3.6 मिलिग्रॅम, त्याच पिल्लाला दिवसाला जेमतेम 0.11. बाटलीत लिटरला 2 ग्रॅम बी-2 असेल तर 60 मिली पाण्यातून 0.12 मिळतं. गरज पुरी! प्रीमिक्स, म्हणजे खाद्यात मिसळायचं जीवनसत्त्वांचं तयार मिश्रण, जुनं झालं, खाद्य उन्हात पडून राहिलं, तर हीच जीवनसत्त्वं आधी कमी होतात. पायाची बोटं आत वळलेली, पिल्लू घोट्यावर बसून सरकतंय, किंवा चोचीच्या कोपऱ्यांत आणि पापण्यांवर खपल्या आणि पिसं खरबरीत, असं असेल तर टॉनिक लगेच सुरू करावं. पहिली खूण बी-2 ची, दुसरी बहुधा पँटोथेनिक ॲसिडची, म्हणजे बी-5 ची. बोटं वळून बरेच दिवस झाले असतील तर मज्जातंतूंचं नुकसान भरून येत नाही, म्हणून इथे एक दिवसही घालवू नये.

वापरताना बहुतेक चुका पाण्यात होतात. बाटली हलवून घ्या, मात्रा आधी पेलाभर पाण्यात ढवळा, मग मोठ्या भांड्यात ओता. तीन-चार तासांत संपेल एवढंच पाणी करा आणि ते सकाळी, पिल्लं तहानलेली असताना द्या. क्लोरीन घातलेल्या पाण्यात जीवनसत्त्वं लवकर नासतात आणि उजेडात बी-2 टिकत नाही, म्हणून ड्रिंकर, म्हणजे पिल्लांचं पाण्याचं भांडं, सावलीत हवा. पिल्लं चोचीने दाबून पाणी पितात त्या निपलच्या पाइपात गोड द्रावणामुळे बुळबुळीत थर धरतो, निपल अडकतात आणि पिल्लं तहानलेली राहतात. रोज शेवटी साध्या पाण्याने लाइन जोरात धुवा. पाच दिवस पुरे. महिनोन् महिने चालू ठेवलं तर अ जीवनसत्त्व अंगात साठून ड आणि ई च्या वापरात अडथळा आणतं.

गुण आला की नाही हे जुन्या पिसावर बघू नका, उगवलेलं पीस सुधारत नाही. पंख उजेडासमोर पसरून नव्या पिसाची नळी बघा. टोक विरळ, मग एक फिकट आडवी रेघ आणि तिच्याखाली पातं दाट असेल, तर गाडी रुळावर आली आहे. त्याला दहा-पंधरा दिवस लागतात.

काही बाबतींत ही बाटली आणूच नये. काही जातींचे नर जनुकामुळेच उशिरा पिसं धरतात, महिनाभर पाठ उघडी राहिली तरी ती पिल्लं निरोगी असतात. पहिल्या आठवड्यात ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारी जागा) 32 ते 35 अंशांवर ठेवून पुढे आठवड्याला सुमारे 3 अंश उतरवला नाही, तर उकाड्यानेही पिसं रेंगाळतात. विष्ठेत न पचलेलं खाद्य, कळपात लहान-मोठी पिल्लं आणि पंखांची पिसं हेलिकॉप्टरच्या पात्यांसारखी बाहेर, हे तिन्ही एकत्र दिसलं तर आतड्यात शोषणच होत नाहीये, तिथे पशुवैद्यकाला पिल्लं दाखवावीत. तोंडात फोडही असतील तर बुरशीच्या विषाचा संशय घ्या आणि ते खाद्य त्याच दिवशी बदला.

आमचा निवाडा: जीवनसत्त्वांसाठी पाचपैकी चार, पिसांच्या प्रथिनासाठी शून्य. बाटली घ्यायचीच असेल तर बी-2 आणि पँटोथेनेटचा (बी-5 चा) आकडा छापलेला असेल तीच घ्या. प्रत्येक घटकापुढे आकडा नसेल तर ती तिथेच ठेवा, आणि तो खर्च मेथिओनिनचा आकडा छापलेल्या ताज्या स्टार्टर (लहान पिल्लांच्या) खाद्यावर करा.