सेस्ना १७२एम: पन्नाशीतलं विमान सांभाळताना आलेला अनुभव

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर आमचं १९७५ सालचं सेस्ना १७२एम उभं असतं. आमचं म्हणजे तिघांचं. मी, मूळचा नागपूरचा एक मित्र आणि एक निवृत्त अमेरिकन शिक्षक. घेऊन दोन वर्षं उलटली. बे एरियातल्या मराठी मंडळींत कुठेही विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "परवडतं का रे?" त्याचं उत्तर पुढे आकड्यांसकट देतोच. पण माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: यंत्राची निगा राखायला तुम्हाला मनापासून आवडतं का? आवडत असेल तर या विमानाइतकं समाधान देणारी वस्तू मी दुसरी वापरलेली नाही. आवडत नसेल तर भाड्याचं विमान उडवावं, त्यात काहीच वावगं नाही.

विमानाची ओळख थोडक्यात. चार आसनं, वर पंख, न मिटणारी चाकं, १५० अश्वशक्तीचं लायकमिंग ओ-३२०-ई२डी इंजिन. १७२ हे जगात सर्वाधिक बनलेलं विमान आहे, आजवर ४४ हजारांहून जास्त. मालकाला याचा फायदा रोज जाणवतो. सुटा भाग मिळाला नाही म्हणून आमचं विमान कधी अडकून पडलं नाही, आणि कुठल्याही गावच्या धावपट्टीवर उतरलो तरी तिथल्या मेकॅनिकचा हात या मॉडेलवर बसलेला असतो.

खरेदीच्या वेळी आम्ही एका देखण्या विमानाला नाही म्हटलं. नवा रंग, चामड्याच्या सीट, समोर दोन मोठे डिजिटल स्क्रीन, आणि इंजिन ओव्हरहॉल (पूर्ण उघडून नव्यासारखं) होऊन जेमतेम काहीशे तास झालेले. जाहिरातीत हे सगळं ठळक होतं. लॉगबुकं मागवून वाचली तेव्हा दिसलं की ओव्हरहॉलनंतर विमान कित्येक वर्षं जवळपास उडालेलंच नाही. लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, वर असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली येतं, कॅम उघडा पडतो आणि त्यावर गंज धरतो. पुढे इंजिन चाललं की त्या गंजलेल्या जागेतून धातूचे कण सुटू लागतात आणि तेलाबरोबर इंजिनभर फिरतात. म्हणून मी कमी तासांच्या इंजिनापेक्षा नियमित उडालेलं इंजिन पसंत करतो. आमचं विमान आलं ते ॲरिझोनाच्या कोरड्या हवेतून. रंग विटलेला, सीटचं कापड फाटलेलं, पण लॉगबुकात महिनामागून महिना उड्डाणांची नोंद. आज बऱ्या अवस्थेतलं १७२एम लाख डॉलरच्या आसपास जातं. एवढी रक्कम मोजण्याआधी आपल्या स्वतःच्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी, विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून नको.

आता देखभाल. इथला नियम असा की दर बारा महिन्यांनी ॲन्युअल, म्हणजे वार्षिक तपासणी, झालीच पाहिजे, आणि ती इन्स्पेक्शन ऑथरायझेशन (तपासणीचा खास अधिकार) असलेल्या मेकॅनिकच्या सहीनेच पूर्ण होते. पण वैमानिकाचा परवाना असलेल्या मालकाला बरीच कामं स्वतः करून लॉगबुकात स्वतःच्या सहीने नोंदवता येतात: तेल बदलणं, स्पार्क प्लग साफ करणं, टायर बदलणं, चाकांच्या बेअरिंगला ग्रीस भरणं, दिवे बदलणं. शिवाय आमचा मेकॅनिक आम्हाला ॲन्युअलमध्येही हाताशी घेतो. झाकणं उघडणं, सीट काढणं, धुणं-पुसणं ही कामं आमची. तपासणं आणि सही त्याची. मजुरी वाचते, आणि त्याहून मोलाचं म्हणजे विमानाच्या आत काय आहे ते आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

तेल आणि फिल्टर दर पन्नास तासांनी बदलतो, आणि तेवढे तास भरले नाहीत तरी चार महिन्यांच्या आत बदलतोच. लायकमिंगची शिफारसच तशी आहे. जुना फिल्टर कधीही तसाच फेकायचा नाही. त्याचा पत्रा कापायचा कटर मिळतो. आतली घडीची पट्टी सोडवायची, तेल पिळून काढायचं आणि कागद उन्हात पसरून घडी न् घडी बघायची. गेल्या उन्हाळ्यात वडील कोल्हापूरहून आले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. फिल्टर कापेपर्यंत ते शांत बसून होते, मी पट्टी पसरली तसे उठून जवळ आले आणि म्हणाले, "लोहचुंबक आहे का?" चुंबक कागदावरून दोनदा फिरवला, टोक पांढऱ्या फडक्यावर पुसलं, चष्मा वर करून पाहिलं. बारीक काळी धूळ होती, टोचेल असा कण एकही नव्हता. मग मला म्हणाले, "चालू दे." चुंबकाला चिकटणारे कण म्हणजे पोलाद, म्हणजे कॅम, टॅपेट किंवा गिअर. न चिकटणारे चकचकीत कण बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनकडे बघायचं. तेलाचा थोडा नमुना आम्ही प्रयोगशाळेतही पाठवतो. तिथून धातूंचं प्रमाण येतं, आणि एकट्या अहवालापेक्षा सलग अहवालांतला कल जास्त सांगून जातो.

सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे तो दाब किती धरून ठेवतो ते, ८० पीएसआय दाबाच्या हवेवर तपासतात. ८० पैकी किती टिकलं तो आकडा लिहितात, आणि अनेक मालक त्या आकड्याकडे परीक्षेच्या गुणांसारखं बघतात. आकडा दोन-चारने खालीवर होतो, त्याने झोप उडवून घेऊ नये. मला बोरस्कोपवर जास्त भरवसा वाटतो. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत घालून एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा चेहरा बघायचा. वर्तुळं मध्याभोवती सारखी दिसली तर व्हॉल्व्ह ठीक. एका कडेला रंग वेगळा, डाग सरकलेला दिसला तर तो व्हॉल्व्ह त्या बाजूने जास्त तापतोय आणि पुढे तिथूनच जळणार. फोटो काढून ठेवले की पुढच्या तपासणीला शेजारी ठेवून ताडून बघता येतात.

या मॉडेलचं एक दुखणं प्रत्येक मालकाला पाठ असायला हवं. पुढच्या सीट ज्या रुळांवर सरकतात त्यांची भोकं झिजतात आणि खिट्टी नीट बसत नाही. टेकऑफच्या वेळी नाक वर जाताना सीट मागे घसरली, तर वैमानिक आधारासाठी हातातला योक (विमानाचं सुकाणू) धरून ओढतो, नाक आणखी वर जातं आणि विमान जमिनीलगत स्टॉल होतं, म्हणजे पंखांचा उचल देणारा जोरच जातो. यात माणसं गेलेली आहेत. म्हणूनच एफएएचा (अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेचा) एडी २०११-१०-०९ हा सुरक्षा आदेश आहे, आणि रूळ, खिट्ट्या, रोलर यांची तपासणी ठरलेल्या अंतराने सक्तीची आहे. आम्ही तेवढ्यावरच विसंबून राहत नाही. सीट लावली की दोन्ही पाय टेकून मागे जोर देऊन बघायचं, हे आमच्या चेकलिस्टमध्ये हाताने लिहून घातलंय. सीट मागे सरकलीच तर धरून ठेवणारा जादा पट्टाही बसवून मिळतो. या विमानात बसवायच्या सगळ्या वस्तूंत मी त्याला पहिला नंबर देईन.

उपकरणांवर खर्च करताना हात आखडता घेतला, आणि तेच बरं वाटतं. मूळच्या जायरो उपकरणांतून हवा खेचून त्यांची चक्रं फिरवत ठेवणारा व्हॅक्यूम पंप सूचना न देता बंद पडतो. ढगात असताना तसं झालं तर कृत्रिम क्षितिज हळूहळू खोटं सांगू लागतं. म्हणून पंप आणि जुनी उपकरणं काढून दोन गार्मिन जी५ ही इलेक्ट्रॉनिक उपकरणं बसवली, एक क्षितिजासाठी, एक दिशेसाठी. विमानाची वीज गेली तरी त्यांची बॅटरी काही तास तग धरते. एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा सतत प्रसारित करणारं यंत्र, १ जानेवारी २०२० पासून बऱ्याच हवाई हद्दीत बंधनकारक आहे, आणि सॅन होजेच्या मोठ्या विमानतळाची क्लास सी ही नियंत्रित हद्द आमच्या अगदी शेजारी असल्याने त्याविना इथे पान हलत नाही. ज्या दुकानात काम दिलं त्यांनी सांगितलेल्या तारखेच्या कितीतरी पुढे विमान ताब्यात दिलं. त्यामुळे जेवढं काम, तेवढ्याच्या दुप्पट वेळ धरून चाला आणि सुट्टीच्या आधी विमान तिथे टाकू नका. ऑटोपायलटचा मोह आहे, पण त्याचा खर्च आमच्या इंजिन-फंडाच्या मोठ्या हिश्शाएवढा आहे, म्हणून तूर्त नाही.

याउलट कमी पैशांतली एक वस्तू फार मोलाची: इलेक्ट्रॉनिक कार्बन मोनॉक्साइड डिटेक्टर. केबिनचा हीटर म्हणजे मफलरभोवती गुंडाळलेल्या पत्र्याच्या कवचातून येणारी गरम हवा. मफलरला चीर गेली तर तोच धूर आत येतो, आणि त्या वायूला ना रंग ना वास. रंग बदलणाऱ्या ठिपक्याच्या स्वस्त कार्डावर विसंबू नका, आकडा दाखवणारा आणि ओरडणारा डिटेक्टर घ्या.

इंधनाबद्दल इथे लिहायलाच हवं, कारण आमचा विमानतळ या वादाच्या मधोमध आहे. छोट्या विमानांचं नेहमीचं १००एलएल पेट्रोल अजूनही शिसं घालूनच येतं. रीड-हिलव्ह्यूच्या चहूबाजूंनी दाट वस्ती आहे, आणि आसपासच्या मुलांच्या रक्तातल्या शिशावर काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, करवून घेतलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १ जानेवारी २०२२ पासून काउंटीने इथे शिशाच्या इंधनाची विक्री बंद केली. वैमानिकांमध्ये यावर बरीच खळखळ झाली. माझं मत स्पष्ट आहे: आपल्या छंदाचं शिसं शेजारच्या पोरांच्या अंगात जाऊ नये. आमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी, मुळात ८० ऑक्टेनच्या इंधनासाठीच ते प्रमाणित आहे, त्यामुळे स्विफ्टचं बिनशिशाचं यूएल९४ त्याला पुरतं. बाहेरगावी गेलं की १००एलएल भरावं लागतं. दोन्ही एकत्र चालतात.

फरक सर्वात आधी प्लगमध्ये दिसला. पूर्वी खालच्या प्लगांच्या तोंडात शिशाचे करडे मणी अडकलेले असायचे, टोकदार सळीने एकेक टोकरून काढावे लागत. रनअपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिन-चाचणीत, १७०० आरपीएमवर मॅग्नेटो (प्लगना ठिणगी देणारी यंत्रं) तपासताना एका बाजूला इंजिन खोकायचं, मग मिश्रण पातळ करून मिनिटभर जाळून काढायचं. आता मणी जवळपास नाहीत. पण दुसरी बाजूही सांगतो. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ डकोटाने २०२३ मध्ये आपला प्रशिक्षण-विमानांचा ताफा यूएल९४ वर नेला आणि काही महिन्यांतच परत १००एलएल वर आणला, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो त्या कड्या) झिजून आत बसत असल्याचं त्यांना आढळलं. त्यांचा वापर आमच्यापेक्षा कितीतरी कडक आहे, तरी आम्ही ॲन्युअलला टॅपेटचं क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, मोजून लिहून ठेवतो. अजून तरी बदल नाही. २०२४ च्या अखेरीस इथे जी१००यूएल हे शंभर ऑक्टेनचं बिनशिशाचं इंधनही आलं. रंग आणि टाकीच्या सीलंटबद्दल काही मालकांच्या तक्रारी वाचल्या, आणि आमच्या इंजिनाला शंभर ऑक्टेनची गरजच नसल्याने आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही.

हँगरच्या प्रतीक्षायादीत आमचं नाव आहे, तोवर विमान उघड्यावर दोरांनी बांधलेलं. उन्हाने डॅशचं प्लॅस्टिक तडकतं, त्यावर आतून लावायचे परावर्तक पडदे हा उपाय. पक्ष्यांचा त्रास त्याहून मोठा. वसंतात साळुंक्यांसारखे दिसणारे स्टार्लिंग काउलिंगमध्ये (इंजिनावरच्या पत्र्याच्या कवचात) काही तासांत गवत भरतात. इंजिनच्या तोंडाला लाल प्लग लावूनही शेपटीच्या फटी राहतातच. टॉर्च घेऊन आत वाकून बघितल्याशिवाय आम्ही किल्ली लावत नाही. सिलिंडरवर वाळकं गवत राहिलं तर आग लागते.

आता पैसे. ताशी साधारण आठ गॅलन, गॅलनला सात डॉलरच्या आसपास, म्हणजे इंधनाचेच छप्पन्न. इंजिनचा शिफारशीचा काळ २००० तास आणि ओव्हरहॉल तीस-चाळीस हजार डॉलर, म्हणून प्रत्येक तासाला अठरा डॉलर वेगळ्या खात्यात पडतात. हे खातं आमच्या करारात लिहिलेलं आहे. त्याला हात लावायला तिघांची सही लागते. तेल आणि किरकोळ धरून ऐंशीच्या घरात जातं. इथे भाड्याचं १७२ ताशी दोनशे डॉलरच्या आसपास पडतं, म्हणून पहिल्या नजरेत मालकी स्वस्त वाटते. पण पार्किंग, विमा, ॲन्युअल हे विमान न उडवताही द्यावे लागतात. तिघांत मिळून वर्षाला शंभर तास उडत नसतील, तर हिशेब भाड्याच्या बाजूने झुकतो. एकट्याने घेणं मला परवडलं नसतं. भागीदार निवडताना माणसाचे पैसे बघू नका, तो बारीकसारीक बिघाड वहीत लिहितो का ते बघा. आमच्या नागपूरकराने एकदा "डाव्या ब्रेकचं पेडल किंचित मऊ" एवढंच लिहिलं होतं, आणि गळकी सील तिथेच सापडली.

मर्यादाही सांगतो. भरलेल्या टाकीवर तीन मोठी माणसं आणि थोडं सामान, त्यापुढे नाही. चार सीट कागदावर आहेत. कॅलिफोर्नियातल्याच वॉटसनव्हिल, हाफ मून बे, कोलंबिया अशा फेऱ्यांना हे विमान उत्तम. उन्हाळ्याच्या दुपारी साउथ लेक टाहोला मात्र नेत नाही. धावपट्टीच समुद्रसपाटीपासून सहा हजार दोनशे फुटांहून वर, त्यात हवा तापलेली, म्हणजे इंजिनाला ती आठ-नऊ हजार फुटांसारखी लागते, आणि दीडशे घोडे तिथे चढताना धापा टाकतात. जायचंच तर पहाटे, दोघांनी, अर्ध्या टाकीवर. डोंगरात नेहमी जाणाऱ्यांनी १८० अश्वशक्तीचं इंजिन बसवलेलं १७२ किंवा सरळ सेस्नाचं थोरलं १८२ बघावं. आमची पुढची खरेदी मफलरची आहे. ॲन्युअलला आतल्या पत्र्यावर पातळ झालेली जागा दिसली, आणि हिवाळ्यात हीटर लागायच्या आत ते काम उरकायचं ठरलंय.