कोंडो की उएमात्सु? गेम म्युझिक शिकायचं तर आधी कोणाला ऐकायचं

गेमसाठी म्युझिक करायचंय आणि जपानी लोकांपासून सुरुवात करायची असं ठरवलं की दोन नावं येतातच, कोजी कोंडो आणि नोबुओ उएमात्सु. दोघांनी नाव कमावलं ते फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डोच्या जुन्या गेम मशीनच्या, त्याच इवल्याशा चिपवर, एका वेळी पाचच आवाज (चॅनल), दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज आणि एक सॅम्पलचं, बस. पण शिकवतात दोघं अगदी वेगळं, म्हणून आधी कोण हा प्रश्न खरा आहे.

कोंडो नागोयाचे, जन्म १९६१, पाच वर्षांचे होते तेव्हापासून इलेक्ट्रिक ऑर्गन शिकले, ओसाकाला आर्ट्स युनिव्हर्सिटीत गेले आणि १९८४ ला निन्टेन्डोत लागले ते तिथलेच झाले. यांच्याकडून शिकायचं ते म्हणजे खेळणाऱ्याच्या हाताशी म्युझिक कसं बांधायचं. सुपर मारिओमध्ये टाइम १०० च्या खाली गेला की तीच चाल फास्ट होते आणि आपला अंगठा आपोआप घाई करायला लागतो, पाण्याखाली गेलात की वॉल्ट्झ, म्हणजे तीन ठोक्यांची चाल. सुपर मारिओ वर्ल्डमध्ये योशी नावाच्या डायनासोरवर बसलात की त्याच गाण्यात बाँगो सुरू होतात, उतरलात की बंद!! झेल्डा मालिकेतल्या ओकारिना ऑफ टाइममध्ये तर हायरूल फील्ड या मोकळ्या मैदानाची चाल छोट्या छोट्या तुकड्यांची केलीय आणि तुकड्यांचा क्रम बदलत राहतो, त्यामुळे तासभर फिरलं तरी कान विटत नाहीत. पहिल्या झेल्डाच्या टायटलला ते फ्रेंच संगीतकार राव्हेलचं बोलेरो वापरणार होते, पण कॉपीराइट संपायला थोडे दिवस बाकी निघाले, मग एका रात्रीत स्वतःचीच चाल फिरवून टायटलला बसवली. २०२३ ला मारिओची चाल अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या रेकॉर्डिंग रजिस्ट्रीत गेली, गेममधलं म्युझिक तिथे पहिल्यांदाच.

उएमात्सु कोचीचे, जन्म १९५९. पियानो स्वतःचा स्वतः शिकले, एल्टन जॉन ऐकून, कॉलेजला इंग्लिश होतं, म्युझिकच्या दुकानात काम करत होते तिथेच स्क्वेअर या गेम कंपनीच्या कोणीतरी विचारलं. १९८७ ला फायनल फँटसी ही गेम मालिका आली आणि तिच्या पहिल्या नऊ भागांचं म्युझिक जवळपास एकट्याने केलं. क्लास लावायला पैसे नाहीत म्हणून अडून बसलेल्या प्रत्येकाने हे करिअर वाचायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

त्यांची ताकद चालीत आहे. घरी पेटी असेल तर एक करून बघा, सा रे ग प, मग वरच्या सप्तकात सा रे ग प, असं चढत जा आणि तसंच उतरा, नंतर ध नि सां गं घेऊन तेच. फायनल फँटसीच्या प्रिल्यूड या चालीची सुरुवात एवढीच आहे. इतकं साधं, आणि तरी पोटात काहीतरी हलतं. १९९४ च्या सहाव्या भागात तर आठ चॅनलच्या मशीनवर त्यांनी ऑपेरा बसवला, खरा गळा नाही, नुसता गळ्यासारखा आवाज, आणि ओळी स्क्रीनवर. २००४ ला कंपनी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, त्याआधीपासून द ब्लॅक मेजेस नावाचा रॉक बँडही होता. २०१८ ला तब्येतीमुळे थांबले, मग परत आले. टोकियो ऑलिम्पिकच्या परेडमध्ये, जिथे मेरी कोम आणि मनप्रीत तिरंगा घेऊन चालले, तिथे फायनल फँटसीचंही म्युझिक होतं.

मग कोणाला घ्यायचं? गेम स्वतः बनवताय, किंवा मित्राच्या गेमला म्युझिक देताय, तर आधी कोंडो, यात मला शंकाच नाही, कारण चाल कितीही गोड असली तरी खेळाशी जुळली नाही तर लोक आवाज बंद करतात. गेम अजून हातात नाही, नुसत्या चाली सुचतायत आणि अर्ध्यात अडकतायत, तर उएमात्सु. नोकरीचं म्हणाल तर कोंडोंसारखी चाळीस वर्षं एकाच कंपनीत काढायला मिळणं आता अवघड, आपल्याकडे बहुतेकांच्या वाट्याला फ्रीलान्सच येतं, तेव्हा उएमात्सुंचा २००४ नंतरचा काळ जास्त नीट बघा. आणि ऐकताना साउंडट्रॅक नुसता लावून ठेवू नका, कोंडोंचं तरी खेळतानाच ऐका, योशीवरून चार वेळा चढा-उतरा.