सीताबर्डीतून आणलेलं डब्ल्यूडीएम-२
नातवासाठी नागपुरात सीताबर्डीतल्या एका दुकानातून डब्ल्यूडीएम-२ या डिझेल रेल्वे इंजिनाचं मॉडेल घेतलं. हे इंजिन मी वर्षानुवर्षं चालवलंय, त्यामुळे घरी येताच आधी भिंग काढलं. याच्या तीन आसांच्या बोगीत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या सांगाड्यात, आसांमधलं अंतर सारखं नसतं. तेही अचूक धरलंय! बघून डोळे भरून आले. खरं इंजिन १६ सिलिंडरचं, २६०० अश्वशक्तीचं. मेलही ओढायचं अन् मालगाडीही. नावातला 'एम' त्याचाच, म्हणजे 'मिक्स्ड'.

खटकलं एकच. खोक्यावर 'शंटिंग इंजिन', म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवणारं इंजिन, असं छापलंय. पण नावात शंटिंगचं अक्षर 'एस', मालगाडीचं 'जी', प्रवासी गाडीचं 'पी'. पोरं खोक्यावरचं वाचूनच शिकतात, मॉडेल बनवणाऱ्यांनी एवढं दुरुस्त करावंच. कपलिंगची, म्हणजे डबे जोडायची, आकडी दुसऱ्या दिवशी निघाली होती, ती दुकानदारानं लगेच बदलून दिली.