पेसा आधीच उरकायचं, की पिकअपच्या दिवशी?

पेसा म्हटलं की आपल्याकडे ग्रामसभेचा कायदा आठवतो. हा पेसा वेगळा: अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या शुक्राणूंच्या नळीत, बारीक सुई घालून शुक्राणू ओढून घ्यायचे. सिस्टिक फायब्रोसिस (फुप्फुसांत घट्ट कफ साचवणारा आनुवंशिक आजार) असलेल्या बहुतेक पुरुषांना शुक्रवाहिनी जन्मापासूनच नसते, वृषणात शुक्राणू मात्र तयार होत असतात. त्यामुळे पेसा आणि मग इक्सी, म्हणजे लॅबमध्ये एकेका अंड्यात सुईने शुक्राणू सोडणं, हे ठरलेलंच. घोडं अडतं ते तारखेवर. पत्नीच्या पिकअपच्याच (अंडी काढायच्या) दिवशी, की महिनाभर आधी करून सॅम्पल गोठवायचं?

त्याच दिवशी केलं तर सॅम्पल ताजं, साठवणुकीचं भाडं नाही. गोठवून वितळवताना हलते शुक्राणू बरेच कमी होतात, हे खरंच आहे. पण इक्सीला एका अंड्यामागे एकच लागतो. दहा-बारा अंडी असतील तर दहा-बारा जिवंत पुरतात, म्हणून या घटीचं मला फारसं वाटत नाही.

वाटतं ते खोकल्याचं. पिकअप ट्रिगरनंतर (अंडी पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शननंतर) 34 ते 36 तासांनी होतो, तो छातीसाठी थांबत नाही. उताणं झोपलं की कफ हलतो. जागेपुरती भूल दिलेली, सर्जननी अधिवृषणाचं वरचं टोक चिमटीत धरलेलं, आणि नेमकी उबळ येते. वृषण चिमटीतून सटकतं, सुई सरकते, सिरिंजमध्ये रक्त येतं. मग लाल पेशींच्या गर्दीत शुक्राणू हुडकत लॅबमधला एम्ब्रियॉलॉजिस्ट बसून राहतो. पूर्ण भूल द्यावी, तर या फुप्फुसांना ती शक्यतो टाळलेली बरी. आणि ऐनवेळी छाती भरून ताप आला, तर अंडी गोठवायची नाहीतर उपचाराची अख्खी सायकल वाया. शिवाय दोघंही एकाच दिवशी टेबलावर. फाइल कुणी सांभाळायची?

आधी करताना दिवस तुमच्या हातात असतो. अँटिबायोटिकचा कोर्स संपलाय, कफ कमी आहे, असा दिवस धरा. सकाळी हायपरटॉनिक (जास्त खारट) सलाईनचं नेब्युलायझेशन, कफ काढायची फिजिओ, मगच दवाखाना. पाठीखाली उशी हवी हे आधीच सांगून ठेवा. सुई वरच्या टोकाला घालतात, कारण वाट बंद असलेल्या अधिवृषणात खाली शेपटाकडे जुने, मेलेले शुक्राणू साचतात. तिथंही काही मिळालं नाही तर वृषणातूनच घ्यायचे, तेही घड्याळाकडे न बघता. सगळं एकाच व्हायलमध्ये भरू देऊ नका. चार-पाच करा, म्हणजे एका सायकलला एकच वितळते. एखादा थेंब वितळवून किती हलतात ते फाइलवर लिहून मागा.

ज्यांची छाती वर्षभर शांत असते, किंवा ज्यांच्या लॅबला इतके थोडे शुक्राणू गोठवायचा सराव नाही, त्यांना त्याच दिवशीचं सोयीचं पडेलही. आम्ही गोठवलं.

दोन्हीच्या आधी पत्नीची सीएफटीआर (या आजाराचं जनुक) तपासणी हवीच. युरोपात नेहमी आढळणारे जनुकातले बदल शोधणाऱ्या पॅनेलमधून आपल्याकडचे बरेच निसटतात, म्हणून पूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग मागा. ती वाहक निघाली तर प्रत्येक गर्भाला आजाराची शक्यता 50 टक्के. मग गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी त्याची पीजीटी-एम ही जनुकीय चाचणी करायची, तर तिच्या तयारीलाच काही आठवडे जातात. सॅम्पल गोठवून टाकीत असलं की तेवढं थांबता येतं.