कस्टम नाईट गार्ड : चार महिने वापरून मग लिहितेय

नाईट गार्ड म्हणजे रात्री झोपताना दातांवर घालायचं कवच. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते, आता चार देतेय.

माझा त्रास म्हणजे सकाळी उठलं की उजवा जबडा जड, कानशील ठणकतंय, जांभई दिली की कानापाशी कट् आवाज. झोपेत दात खातेस असं घरचे लहानपणापासून सांगायचे, आजीने तर जंताचं औषधही देऊन झालं. मधे एका दवाखान्यात दाढच काढायला सांगितली, काढली, दुखणं जागच्या जागी. हे आठवलं की अजून वाईट वाटतं, कारण नंतर कळलं की गालातला चावण्याचा मोठा स्नायू, मॅसेटर, दुखत असला तरी कळ दाढेत जाणवू शकते, दात, स्नायू आणि सांधा यांच्या संवेदना मेंदूच्या देठाशी (मेंदू आणि मज्जारज्जू जोडणारा खालचा भाग) त्याच पेशींवर एकत्र येतात, टोरोंटोचे संशोधक बॅरी सेसल यांचं याच्यावर खूप वर्षांचं काम आहे.

आधी गरम पाण्यात मऊ करून दाबायचा तयार गार्ड घेतला होता. तो घेऊ नका, माझं तर रात्रभर तो चघळणंच व्हायचं. आत्ताचा आहे तो दातांचं माप घेऊन लॅबमधून बनवलेला कडक अ‍ॅक्रिलिकचा, वरच्या दातांवर बसतो. बसवताना डॉक्टर निळा कागद चावायला देऊन जिथे जास्त टेकतंय तिथे घासतात आणि हे काम त्यांनी तीन वेळा केलं, कंटाळा न करता.

पण मला खरं बरं वाटलं ते त्यांनी समजावून सांगितलं त्याने. मी घाबरून सगळं मऊच खात होते, भाकरी बंद, चिक्की बंद, कारण घास चावताना जोरच लागायचा नाही, वाटायचं स्नायू निकामी होतोय. तेव्हा त्यांनी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेम्स लुंड यांच्याबद्दल सांगितलं, हा माणूस आयुष्यभर चावणं या एकाच गोष्टीच्या मागे होता. १९७१ मध्ये पीटर डेलो यांच्यासोबत त्यांनी सशांवर दाखवलं की स्नायू औषधाने हलेनासे केले तरी चावण्याची लय मेंदूच्या देठात चालूच राहते. आणि दुखलं की स्नायू आखडतो, आखडला की अजून दुखतं, हे जे चक्र सगळे धरून चालले होते ते त्यांनी १९९१ मध्ये सहकाऱ्यांबरोबर तपासून बघितलं, जबडा, डोकं, कंबर अशी पाच प्रकारची दुखणी शेजारी ठेवून. तर निघालं उलटंच, दुखतं म्हणून मेंदू स्वतःच त्या स्नायूचा जोर उतरवतो, हालचाल हळू आणि लहान करतो, म्हणजे एक प्रकारे जपतोच. हे ऐकून मला रडू आलं खरंच, इतके महिने मी माझ्या जबड्याला बिघडलेला समजत होते!

मग हळूहळू भाकरी सुरू केली, आधी आमटीत कुस्करून. आणि दिवसा कामात असताना दातावर दात टेकलेत का ते बघते, ओठ मिटलेले पण दात सुटे, ही सवय लावायला सगळ्यात वेळ लागला.

गार्डने दात खाणं थांबलेलं नाही, त्याच्यावर ओरखडे दिसतात रोज, म्हणजे ते ओरखडे माझ्या दातांवर पडत नाहीयेत, त्यासाठीच तो आहे. सकाळचा जडपणा बराच कमी. एक स्टार कापला कारण पहिले दहा दिवस लाळ खूप येते आणि हे आधी कोणी सांगत नाही. धुवायला थंड पाणीच घ्या, गरम पाण्याने आकार बिघडतो.